आमच्या फेजवर कोणी नव्हतं

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरातला दिवा एकाएकी हुशार झाला. एरवी त्याच्या उजेडात डाळीतला खडा शोधायचा तर डाळ घेऊन खिडकीत जावं लागतं. त्या दिवशी फोडणीच्या डब्यामागे भिंतीवर पुसायचं राहिलेलं हळदीचं बोट दिसायला लागलं. आमचा पंखा पाचवर ठेवला तरी तीनवर असल्यासारखा फिरतो. तो उड्डाणाच्या तयारीला लागला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत मे महिन्यातून ऑगस्टात गेलं. आई म्हणाली, "आज वारं छान सुटलंय." आणि मी कॅलेंडर दाबून धरत, अत्यंत समाधानाने म्हणालो, "आज व्होल्टेज चांगलं आहे."

तेवढ्यात ओट्याच्या कोपऱ्यातून 'फट्' असा आवाज झाला. फार मोठा नाही. गोणपाटाखाली लवंगी फटाका वाजावा तेवढा. मायक्रोवेव्हच्या काचेतले हिरवे आकडे सहा वाजून सात मिनिटांनी मावळले आणि त्याच्या पाठीमागून एक वास निघाला. हा वास ज्याने एकदा घेतला आहे त्याला तो ओळखायला शिकवावं लागत नाही. त्यात थोडं जळकं प्लास्टिक असतं, थोडी धूळ असते आणि बाकी सगळे पैसे असतात.

मी धावत जाऊन मेन पाडला. नंतर कळलं की हे काम 'व्होल्टेज चांगलं आहे' म्हणण्याऐवजी करायचं होतं.

इमारतीत बारा बिऱ्हाडं. पाच मिनिटांत जेवढी घरात होती तेवढी पार्किंगमध्ये जमली. कोणाच्या घरी काही झालं की माणसं जशी येतात तशी, म्हणजे पायात जे सापडेल ते घालून, आवाज खाली ठेवून.

"तुमचं काय गेलं?"

"सेट टॉप बॉक्स. आणि पाण्याच्या फिल्टरचा अ‍ॅडॅप्टर."

"अरेरे. आमची नुसती बेल गेली."

"बेलच ना? त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. तुमचं हो?"

"मायक्रोवेव्ह," मी म्हणालो.

एक क्षण शांतता. "किती वर्षांचा होता?"

"बारा."

"मग काय, झालं होतं त्याचं," पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "आमच्या बहिणीचा तर सहाव्या वर्षीच गेला. काही नाही हो, चांगला सकाळी दूध तापवून दिलं आणि दुपारी बघते तर हा असा."

तिसऱ्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, त्याला आता पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत त्यांना आमच्या सोसायटीने पाण्याच्या टाकीचा फ्लोट सोडून एकाही विषयावर मत विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांचे दिवस आले. "न्यूट्रल गेला," ते म्हणाले. वीज कंपनीचा वायरमन यायच्या आधी म्हणाले, हे महत्त्वाचं.

न्यूट्रल जातो म्हणजे कुठे जातो, असं कोणीतरी विचारलं. काकांनी पार्किंगमधल्या एका मारुतीच्या मागच्या काचेवर बोटाने तीन रेघा ओढल्या. मारुतीचे मालक वर्षातले आठ महिने मुलीकडे ठाण्याला असतात, त्यामुळे ती काच म्हणजे फळाच. "हा आर, हा वाय, हा बी. मधोमध न्यूट्रल. कुठलाही फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट. पण दोन फेजच्या मध्ये किती?" कोणी बोललं नाही. "चारशे!" काका असे म्हणाले की दोघे जण मारुतीपासून मागे सरकले.

त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी जसं समजलो तसं सांगतो. इमारतीत वीज येते ती तीन फेजवर, आणि बारा बिऱ्हाडं त्या तिघांत चार-चार वाटलेली असतात. न्यूट्रल जाग्यावर आहे तोवर प्रत्येक जण आपापले २३० घेऊन सुखात असतो. तो तुटला की परतीची वाटच जाते, आणि एका फेजवरची घरं दुसऱ्या फेजवरच्या घरांच्या हातात हात घालून त्या चारशेच्या मध्ये लटकतात. आता हे चारशे वाटायचे कसे? "पाटाच्या पाण्याला जो जास्त ओढतो त्याचं शेत भिजतं," काका म्हणाले. "इथे उलटं. ज्या फेजवर वापर जास्त, तिथे व्होल्टेज पडतं. ज्या फेजवर वापर कमी, तिथे चढतं. तीनशे, साडेतीनशे, काही नेम नाही."

सगळ्यांनी हळूच माझ्याकडे बघितलं.

आमचा फेज बी. त्यावर चार घरं. तीन नंबरवाले नातवाच्या बारशाला बोस्टनला. सहा नंबर सुट्टीला गावी. अकरा नंबर अष्टविनायकाला. उरलो सात नंबरचे आम्ही. आमच्याकडे त्या वेळी एक दिवा, एक पंखा आणि नेमका त्याच क्षणी थंड होऊन गप्प बसलेला फ्रिज. कारण मी. गेली तीस वर्षं घरात मी दिवे बंद करत फिरतो. बाथरूममध्ये माणूस असताना बाहेरून दिवा बंद केल्याचे माझ्यावर तीन आरोप आहेत, त्यांतला एक सिद्ध झाला आहे. उलट दोन नंबरवाल्यांकडे, आर फेजवर, दोन एसी, गीझर आणि इंडक्शन असं सगळं एका वेळी चालू होतं. "आमचा एसी जरा दमल्यासारखा वाटला खरा," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

"म्हणजे," मी काकांना विचारलं, "आम्ही काहीच वापरत नव्हतो, म्हणून आमचं गेलं?"

"अगदी बरोबर," काका आनंदाने म्हणाले. इतक्या वर्षांनी समोरचा माणूस पहिल्या फटक्यात समजला होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण वायरमन आला, मीटररूममध्ये शिरला आणि दोन मिनिटांत हातात काळाठिक्कर पडलेला एक तांब्याचा तुकडा घेऊन बाहेर आला. न्यूट्रलचा लग. वर्षानुवर्षं सैल होता, तापत होता, आज जळून सुटला. "हे तुमच्या बाजूचं आहे, आमच्या नाही," वायरमन म्हणाला आणि तो तुकडा त्याने सेक्रेटरींच्या तळहातावर प्रसादासारखा ठेवला. सेक्रेटरी वर गेले आणि इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन खाली आले. मागच्या वार्षिक सभेत मीटररूमच्या पॅनेलची दुरुस्ती, अंदाजे खर्च रुपये १४,०००, हा विषय आला होता. पुढे लिहिलं होतं : 'खर्च अनाठायी असल्याची हरकत फ्लॅट क्र. ७ यांनी घेतल्याने विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.'

मी म्हणालो, "अक्षर छान आहे तुमचं."

आता थोडं मृतासंबंधी. हा मायक्रोवेव्ह २०१२ च्या दिवाळीत, पाडव्याच्या मुहूर्तावर घरात आला. बरोबर काचेची तीन भांडी, एकशे एक पाककृतींचं पुस्तक आणि डेमो द्यायला एक बाई. बाईंनी आमच्या ओट्यावर वीस मिनिटांत केक केला. तो उत्तम झाला होता. त्यानंतरच्या बारा वर्षांत या घरात दुसरा केक झालेला नाही. उरलेल्या शंभर पाककृतींपैकी आम्ही उकडलेला बटाटा एवढीच केली. एरवी त्याची कामं ठरलेली : कालचं वरण, परवाची भाजी, उडदाचा पापड, आणि कुटासाठी शेंगदाणे भाजणं, दर मिनिटाला दार उघडून हलवत. शेंगदाण्यांत तो खरंच चांगला होता. फोलपटं हाताला चटका न देता सुटायची.

आणि घड्याळ. हे त्याचं खरं काम. स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ नाही. लाइट जाऊन आली की त्यावर शून्य शून्य लुकलुकायचं आणि ते लावायची विद्या घरात फक्त मला येत होती. आधी कुठलं बटण, ते किती वेळ दाबून धरायचं, तास आधी की मिनिटं आधी, हे मी मुद्दामच कोणाला शिकवलं नव्हतं. माणसाच्या हातात घरातली एखादी तरी सत्ता असावी. या सत्तेपायीच मी मायक्रोवेव्हचं भिंतीवरचं बटण कधी बंद करू दिलं नाही. सगळ्या घराचे दिवे मालवत फिरणारा मी, तेवढं एक बटण बारा वर्षं चालू ठेवलं. बायको म्हणायची, "अहो, ते पण बंद करा की." मी म्हणायचो, "घड्याळ जाईल."

आई या यंत्रातलं काही खात नाही. 'त्या पेटीतलं' तिला चालत नाही. त्यातल्या लहरींनी अन्नाचा गुण जातो, असं तिचं मत पहिल्या दिवसापासून आहे आणि ते बदलायचा प्रयत्न आम्ही दुसऱ्या दिवशी सोडला. पण तिने त्याला एक काम दिलं होतं. रात्री नऊला विरजण लावलेलं पातेलं ती त्यात ठेवते. मुंग्या नाहीत, वारा नाही, दार घट्ट. सकाळी दही असं लागतं की सुरीने कापावं. हे काम विजेशिवायचं. म्हणजे आईच्या दृष्टीने मायक्रोवेव्हला त्या संध्याकाळी काहीही झालेलं नव्हतं.

मायक्रोवेव्हच्या शोधाची कथा तुम्ही ऐकली असेल. अमेरिकेत रेथिऑन नावाच्या कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा शाळा अर्धवट सोडलेला, पण रडारच्या मॅग्नेट्रॉनमधला वाकबगार माणूस होता. १९४५ साली चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. त्याने मग मक्याचे दाणे आणून ठेवले, ते फुटले. अंडं ठेवलं, तेही फुटलं. दोन वर्षांत पहिला ओव्हन तयार झाला, जवळजवळ सहा फूट उंच आणि साडेतीनशे किलोच्या आसपास वजनाचा. पुण्यात मे महिन्यात कोणाच्याही खिशातलं चॉकलेट वितळतं. पण आपल्याकडे त्याचा शोध लागत नाही, शर्ट कोणी धुवायचा यावर वाद होतो.

शनिवारी रात्रीच मी तपासणीला बसलो. नवा न्यूट्रल जोडून झाला होता, लाइट नीट होती. टेस्टर घेऊन प्लगात खुपसला. आतला नारिंगी दिवा पेटला. म्हणजे प्लगात वीज आहे. म्हणजे दोष पुढे. इथवर माझं विद्युतशास्त्र पोचतं. यापुढची माझी पद्धत वडिलोपार्जित आहे : यंत्राच्या डोक्यावर हाताने थोपटायचं, आधी प्रेमाने, मग जरा वरच्या पट्टीत. आमचा जुना टीव्ही या उपचाराने अकरा वर्षं जगला. मायक्रोवेव्ह उठला नाही.

"बाबा, बंद करून परत चालू करून बघितलंत?" मुलगी आतून म्हणाली. ती घरून काम करते आणि तिचा पगार या एका वाक्यावर चालतो असा माझा समज आहे.

"ते बंदच आहे," मी म्हणालो.

"मग चालू करून बघा."

मग मला वाटलं, प्लगच धरत नसेल. दुसऱ्या प्लगात लावून बघावं. आता याची पिन जाडी, १६ अँपिअरची, घरातल्या साध्या प्लगात जात नाही. मोठे प्लग तीन. एकात वॉशिंग मशिन, त्याच्यासमोर पंधरा वर्षांची रद्दी. दुसरा गीझरचा, बाथरूममध्ये. तिसरा बेडरूममधला एसीचा. एसी आम्ही घेतलेला नाही (कारण वर आलं आहे), पण प्लग आहे, छताखाली दीड फुटावर. मायक्रोवेव्हची वायर हातभर.

तर शनिवारी रात्री साडेनऊ वाजता मी पलंगावर उभा होतो, आणि तेरा किलोचा मायक्रोवेव्ह माझ्या उजव्या खांद्यावर होता. बायको स्टुलावर उभी राहून पिन प्लगात घालत होती. मुलगी दारात फोन धरून उभी होती. ती आम्हाला धरत नव्हती, आमचं चित्रण करत होती. "लावली पिन, आता बघा," बायको म्हणाली. बघायला म्हणून मी तो जरा पुढे कलता केला. त्याच क्षणी माझ्या कानामागून काहीतरी कोमट ओघळलं आणि मानेवरून सावकाश बनियनमध्ये उतरायला लागलं.

मला वाटलं, यंत्राच्या आतला कुठलासा जीवनरस फुटला. मी ओरडलो. बायको ओरडली. आई हॉलमधून आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, अर्धा लिटर दूध होतं! आत्ताच विरजण लावलं होतं मी."

मायक्रोवेव्ह त्या प्लगातही चालू झाला नाही.

रविवारी सकाळी आंघोळ करून (दोनदा) मी तो उघडायचं ठरवलं. पाठीवर पिवळा त्रिकोण, त्यात वीज, खाली चार भाषांत उघडू नका अशी ताकीद. आपल्याकडे ताकीद ही दुसऱ्यांसाठी असते. स्क्रू सात होते. सहा साध्या स्क्रूड्रायव्हरने निघाले. सातव्याच्या डोक्यावर सहा पाकळ्यांची चांदणी आणि चांदणीच्या मधोमध एक खुंटी. त्यात घरातलं काहीही बसेना. मी सुरीचं टोक लावलं, नेलकटर लावलं, आईची हेअरपिन लावली. तो सातवा स्क्रू ज्या इंजिनिअरने तिथे घातला त्याचे आभार मी अजून मानलेले नाहीत, ते इथे मानतो.

कारण सोमवारी मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात राहून वायर, बल्ब, रिमोट, शेगडीची कॉइल यांतलं काही ज्याला कधी लागलं आहे, त्याला बुधवार पेठेतली ही गल्ली सांगायला नको. गाडी कुठे लावायची हा प्रश्न तिथे विचारायचा नसतो. एका दुकानात मी तो स्क्रूड्रायव्हर मागितला, हाताने चांदणीचा आकार दाखवून. दुकानदारांनी तो खालच्या खणातून काढला, काउंटरवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला.

"कशाला हवाय?"

"मायक्रोवेव्ह उघडायचाय."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर परत खणात ठेवला. "नाही मिळणार."

"अहो, पैसे देतोय मी."

"पैशांचं नाही. तुम्ही कामं करता का ही?"

"नाही."

"मग नका करू. त्यात कॅपॅसिटर असतो, दोन-अडीच हजार व्होल्टचा. पिन काढलेली असली तरी भरलेला राहू शकतो. टीव्ही, मिक्सर काय हवं ते उघडा. हे एक उघडू नका." मग त्यांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर एक नंबर लिहून दिला. "यांना बोलवा. माझं नाव सांगा." पस्तीस रुपयांचं गिऱ्हाईक त्यांनी असं घालवलं. पुण्यातल्या दुकानदारांबद्दल लोक बरंच काय काय बोलतात, त्यात मीही बोलतो. पण गिऱ्हाइकाला वस्तू नाकारण्याच्या त्या परंपरेने माझा जीव वाचवला असण्याची शक्यता आहे, हे नोंदवून ठेवावं.

तरी मी लगेच त्या नंबरावर फोन केला नाही. आधी कंपनीला केला, कारण कंपनीचा फोन फुकट होता. माझी तक्रार त्यांच्यासाठी अतिशय महत्त्वाची असल्याचं मला सतरा मिनिटं ऐकवण्यात आलं. गुरुवारी त्यांचा मुलगा आला. पाठीला बॅग, हातात टॅब. त्याने मायक्रोवेव्हचं बटण एकदा दाबलं, मॉडेल नंबरचा फोटो काढला आणि म्हणाला, "काका, बोर्ड गेला."

"उघडून नाही बघायचा?"

"लाइटच येत नाही ना. मग बोर्डच. ६,२०० होतील. पण मॉडेल बंद झालंय, बोर्ड मिळेलच असं नाही. एक्स्चेंजला देताय? आठशे मिळतील."

व्होल्टेजने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही हे त्याने न विचारता सांगितलं. वॉरंटी संपून अकरा वर्षं झाली होती, म्हणजे तसंही ते सैद्धांतिकच. मग त्याने भेटीचे ५०० आणि त्यावर १८ टक्के मिळून ५९० रुपये घेतले. बटण एकदा दाबायचे ५९०. ते मी शनिवारपासून दोनशे वेळा फुकट दाबलं होतं.

त्या आठवड्यात घरात एक चमत्कारिक गोष्ट झाली. मुलीच्या मीटिंगा तुटायच्या बंद झाल्या. आमचा वायफायचा डबा फ्रिजवर, मायक्रोवेव्ह त्याच्या शेजारी. आणि दोघांच्याही लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्याच. दारातून किंचित लहरी झिरपल्या तरी वायफायला ऐकू येईनासं होतं. इतकी वर्षं दुपारी एक वाजता मी वरण गरम करत होतो आणि पलीकडे कुणीतरी 'यू आर ब्रेकिंग' म्हणत होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे ना असाच."

आई म्हणाली, "काय वाईट आहे? दही लागतंय."

बायको काही म्हणाली नाही. तिने शेंगदाणे कढईत भाजले आणि ते खालून जळले. मी तपकीर गल्लीतल्या नंबरावर फोन केला.

मेकॅनिक आले ते साठीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर. पूर्वी ते रेडिओ, मग टीव्ही, मग व्हीसीआर दुरुस्त करत. म्हणजे एकेका यंत्राला शेवटपर्यंत सोबत करून आलेले. पिशवीतून त्यांनी एक लाकडी पाट काढला, त्यावर एक शंभरचा पिवळा बल्ब आणि एक प्लग. हा सिरीज बोर्ड. बिघडलेलं यंत्र थेट विजेला लावायचं नाही, या बल्बातून लावायचं. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि फ्यूज वाचतो. सातवा स्क्रू त्यांनी असा काढला जसा काही तो स्क्रूच होता.

झाकण निघाल्यावर ते आधी काही शोधायला लागले नाहीत. पिन काढलेली आहे हे त्यांनी हातात घेऊन बघितलं. मग लांब दांड्याच्या पक्कडीने त्या डबीएवढ्या कॅपॅसिटरची दोन टोकं जोडली. काही झालं नाही. "रिकामा आहे," ते म्हणाले. "पण बघायचं. नेहमी बघायचं." आतला मोठा ट्रान्सफॉर्मर, कॅपॅसिटर आणि डायोड मिळून २३० चे चार हजारांच्या आसपास व्होल्ट करतात आणि मॅग्नेट्रॉनला देतात, असं त्यांनी सांगितलं. मी आईची हेअरपिन आठवून स्टुलावर बसलो.

मग ते थांबले आणि वास घेतला. "यात काय सांडलंय?"

"दही," आई म्हणाली. "म्हणजे तेव्हा दूध होतं."

"फिरत्या ताटलीच्या मोटरवर गेलंय. ताक झालंय इथे."

"आमच्याकडे आंबट होत नाही," आई म्हणाली. त्यांनी मोटर काढली, पुसली, उन्हात ठेवली.

फ्यूज बोटाच्या पेराएवढा, चिनी मातीचा. मीटरची टोकं लावली, बीप वाजली नाही. "हा उडालाय. पण फ्यूज स्वतःहून उडत नाही. कोणामुळे, ते बघायचं." त्यांनी काचेमागचा छोटा बोर्ड सोडवला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोर्ड डोळ्यांजवळ नेला. "या बघा."

मी बघितलं. बोर्डाच्या कडेला, जिथे वीज आत शिरते तिथेच, दहा पैशांच्या जुन्या नाण्याएवढी एक निळी चकती. अर्धी फुटलेली, हरभऱ्याच्या डाळीसारखी दोन दळांत उघडलेली, आतून काळी. शाबूत भागावर आकडे वाचता येत होते : ४७१.

"व्हॅरिस्टर," ते म्हणाले. "हा लाइटच्या दोन तारांच्या मध्ये नुसता बसून असतो. २३० आहेत तोवर काही करत नाही. ४७१ म्हणजे सत्तेचाळीसवर एक शून्य, ४७० व्होल्ट. लाट त्याच्या वर गेली की हा मध्ये पडतो, दोन तारा स्वतःच्या अंगावर जोडून घेतो. मग फ्यूज जातो. पुढचं सगळं वाचतं."

"पण व्होल्टेज साडेतीनशेच झालं होतं म्हणे."

"मीटर दाखवतो ते साडेतीनशे. लाटेचं टोक त्याच्या वर जातं, पाचशेपर्यंत. लाइटचा एखादा झटका असता तर याने पचवला असता. पण न्यूट्रल गेला की ते मिनिट-मिनिट चालतं. तो किती वेळ धरणार?"

बारा वर्षं तिथे नुसती बसून होती ती चकती. काही न करता, कोणाला न दिसता. आणि तिने वाचवलं काय, तर ६,२०० रुपयांचा बोर्ड, जो कंपनीच्या मुलाने न उघडता मेला म्हणून सांगितलं होतं.

त्यांनी नवा व्हॅरिस्टर डाखला, नवा फ्यूज घातला. मुलगी सोल्डरिंगच्या वासाने बाहेर आली आणि पहिल्यांदाच फोनमधून न बघता नुसती बघत उभी राहिली. सिरीज बोर्डाला लावल्यावर पिवळा बल्ब जेमतेम लालसर झाला आणि काचेत हिरवे आकडे उमटले. शून्य शून्य. मग थेट लाइटला लावून, आत पाण्याचा पेला ठेवून एक मिनिट. घूंऽऽ असा तो ओळखीचा आवाज. मेकॅनिकनी पेल्यात बोट बुडवून झटकन बाहेर काढलं आणि तेच बोट वर करून पास झाल्याचं सांगितलं.

"किती?"

"पार्ट्सचे पंचेचाळीस. माझे पाचशे."

मी, ज्याने भाजीवालीशी पाच रुपयांसाठी वाद घातला आहे, सहाशे दिले आणि सुटे मागितले नाहीत. बायकोने याची नोंद घेतली.

जाताना ते दारात म्हणाले, "वापर नसेल तेव्हा भिंतीवरचं बटण बंद ठेवा. बंद असतं तर याला काही झालं नसतं." बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. न बघण्याचेही प्रकार असतात.

तेव्हापासून बटण बंद असतं. घड्याळ नाही. ते लावायची विद्या माझ्याकडे तशीच पडून आहे. पुढच्याच रविवारी सोसायटीची विशेष सभा झाली. मीटररूमचं पॅनेल, नवं कोटेशन रुपये १९,५००. सेक्रेटरींनी रजिस्टरात सुंदर अक्षरात लिहिलं : सूचक, फ्लॅट क्र. ७. अनुमोदक म्हणून पाटबंधारे काकांनी हात वर केला आणि त्यावर वीस मिनिटं बोलले. मारुतीच्या काचेवरच्या तीन रेघा वळिवाच्या पहिल्या सरीत वाहून गेल्या.

मायक्रोवेव्ह उत्तम चालतो. रात्री नऊला आई त्यात पातेलं ठेवते आणि सकाळपर्यंत दाराला कोणी हात लावायचा नाही असा नियम आहे. त्यामुळे नऊनंतर आमच्याकडे दूध गॅसवर तापतं.